ट्रक देऊन घेतलेली जीप

१

पालीच्या लग्नाला गेलेली कोंडवाडीची माणसं दिवस कलता कलता परत आली, तेव्हा महिपत शिगवणाच्या खळ्यातली जीप जळून काळी पडली होती. टायर विरघळून जमिनीला चिकटले होते आणि सीटमधल्या काथ्याचा वास साऱ्या वाडीत भरून राहिला होता. महिपत घराच्या ओट्यावर बसून तिच्याकडे बघत होता. लग्नाला न गेलेला वाडीतला तो एकटाच माणूस. लोकांनी हंडे-कळश्या घेऊन धाव घेतली, पण विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आग कशी लागली, कोणी लावली, असं सगळे विचारत राहिले.

पोलीस पाटलाने रत्नागिरीला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार भिकाजी नलावडे कोंडवाडीत उतरले. निवृत्तीला आलेला, शांत स्वभावाचा माणूस. मुलगा लोट्याला केमिकल कंपनीत लागला होता, नातवंडं सांभाळायला बायको त्याच्याकडे राहत होती आणि फौजदार पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत एकटेच भात शिजवून खात होते. त्यामुळे की काय, रिकाम्या घरात पाऊल टाकलं की ते घर किती दिवसांपासून रिकामं आहे, हे त्यांना लगेच कळायचं. महिपतच्या घरात त्यांना ते कळलं. चुलीपुढे पाट एकच होता.

"माजी कुनावर तक्रार नाय, सायब," महिपत म्हणाला.

"तुझी गाडी जळली. पोटापाण्याची गाडी. आणि तक्रार नाही?"

"नाय."

या जीपची गोष्ट फौजदारांच्या कानावर आधीच आली होती. ती साऱ्या तालुक्यालाच ठाऊक होती. महिपत पंचेचाळिशीचा, वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकून त्याने स्वतःचा ट्रक केला होता. बँकेच्या कर्जावर घेतलेला, दोन वर्षांचासुद्धा झाला नसेल. चिऱ्याच्या खाणीवरून चिरे, मोसमात आंब्याच्या पेट्या, धंदा बरा चालला होता. आणि दिवाळी झाल्यावर एके दिवशी त्याने तो ट्रक उरलेल्या हप्त्यांसकट हरिश्चंद्र रेडीज या लाकडाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला आणि बदल्यात त्याची जुनीपुराणी जीप घेतली. मिलिटरीच्या लिलावातली, दोन-तीनदा रंग फासलेली, चढणीला धापा टाकणारी जीप. घरी आणल्यापासून तिच्यात त्याने एकही भाडं भरलं नव्हतं. लोक म्हणाले, बायको गेल्यापासून महिपतचं डोकं ठिकाणावर नाही.

फौजदार जळक्या सांगाड्याभोवती फिरले. गाडीला लागूनच जमिनीवर एक मोठी गोल खूण दिसत होती. तिथली माती फिकी होती आणि भाताच्या काड्या पसरलेल्या होत्या. पेंढ्याची उडवी तिथे उभी असणार. पण उडवी आता घराच्या पार मागे होती. गाडीपासून चार हातांवर आंब्याचं एक कोवळं कलम होतं. त्याला ओली गोणपाटं गुंडाळलेली होती. गोणपाटांच्या कडा होरपळल्या होत्या, आतलं पान एकही करपलं नव्हतं.

मग ते पुढच्या डाव्या मडगार्डापाशी वाकले. तिथे पत्र्याचा कोपराच नव्हता. कडेने रिबिटांची भोकं होती, आणि भोकांच्या कडा छिन्नीने ताज्या कापलेल्या होत्या.

आगीने रिबिटं कापली जात नाहीत. जाळण्याआधी या गाडीवरून कोणीतरी काहीतरी काढून नेलं होतं.

२

शेजारची तुळसा परटवणेकरीण ओटीवर सुपात तांदूळ पाखडत होती. महिपतविषयी ती पोटच्या पोरासारखं बोलली. त्याची बायको काशी तीन वर्षांपूर्वी श्रावणात गेली. निवळीला माहेरी गेलेली, तिन्हीसांजेला पायी परतत होती, पाऊस कोसळत होता. वळणावर कसल्यातरी गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही, कोणाची ते कळलं नाही. महिपत तेव्हा दुसऱ्याची गाडी घेऊन मुंबईला गेला होता. तो आला तोवर सगळं आटपलं होतं.

"मूल नाही का?" फौजदारांनी विचारलं.

मूल झालं नाही, तुळसा म्हणाली, पण काशीने दीर वाढवला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू वारलेली आणि लवू सहा वर्षांचा. तोंड धुण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत तिनेच केलं. तोही तिला वहिनी न म्हणता आयेच म्हणायचा. मोठा झाल्यावर रेडीजाच्या वखारीत मुकादम लागला. काशीचं बारावं झालं आणि तो मुंबईला निघून गेला, तो गेलाच. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर येते. माणूस येत नाही. गणपतीला नाही, शिमग्याला नाही. पालखी दारात येते तेव्हा महिपत एकटाच नारळ घेऊन उभा राहतो.

"घरात काशीचा फोटो आहे. त्याच्याशेजारी देवळीत गंजाची खूण दिसली. तिथे काय होतं?"

तुळसाचा हात थांबला. "पत्र्याचा तुकडा व्हता, सायब. हिरवा. तिचं बारावं झाल्यावर हा त्या वळनावर जाऊन गवत हुडकत बसलान, तवा घावला. ज्या गाडीनं मारलान तिचा हाय म्हनायचा. तीन वर्सं देवासारका ठेवलान."

"तो आता देवळीत नाही."

"जीप आनलान त्या दिवशीच काडलान," ती हळू आवाजात म्हणाली.

३

हरिश्चंद्र रेडीजची वखार मांडवीच्या रस्त्याला होती. सागाच्या ओंडक्यांमध्ये महिपतचा ट्रक उभा होता, नवं नाव रंगवून झालेलं. रेडीज पन्नाशीचा, गोरा, पोट सुटलेला माणूस. फौजदारांना बघून तो अस्वस्थ झाला. गावात काय बोललं जातं ते त्याला माहीत होतं: वेड्या माणसाला गंडवलं, आणि तो ट्रक परत मागेल म्हणून जीप जाळली.

त्याने शपथेवर सांगितलं की ही अदलाबदल त्याची कल्पनाच नव्हती. जीप विकायची म्हणून त्याने ती रंगवायला केरू मिस्त्रीकडे टाकली होती. एके दिवशी महिपत धावतपळत वखारीत आला आणि जीप मला द्या म्हणाला. रोकड त्याच्याजवळ नव्हती आणि उधारीवर गाडी द्यायची रेडीजची रीत नव्हती.

"मी थट्टेत म्हटलं, ट्रक देतोस काय? तो हो म्हणाला. मला वाटलं, तोही थट्टाच करतोय. साहेब, मी त्याला दोन दिवस विचार करायला सांगितला. तो वखारीच्या फाटकात बसून राहिला."

"तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ही जीप कोण चालवायचं?"

रेडीजने आठवून सांगितलं की त्या श्रावणात तो मुंबईला इस्पितळात होता, ऑपरेशनसाठी. गाडीवर ड्रायव्हर विठू होता. तो पुढे आखातात गेला, आता तिकडेच आहे. वखारीचा कारभार मुकादमावर, म्हणजे लवूवर टाकलेला. मडगार्ड फुटून त्यावर ठिगळ मारलेलं त्याने परत आल्यावर पाहिलं होतं. विठूने कुठेतरी ठोकलं असेल, असं समजून गाडीला वरून रंग फासून घेतला.

फौजदार उठले, फाटकापर्यंत गेले आणि परत वळले.

"जीप घेतल्यावर महिपतने तुम्हाला हेच विचारलं असेल. तेव्हा कोण चालवायचं म्हणून."

"नाही," रेडीज म्हणाला. "एकदाही नाही. त्यानं मला काहीच विचारलं नाही."

त्या उत्तराने फौजदारांना जे कळलं, ते कळायला नको होतं असं त्यांना वाटलं.

४

कुवारबावला केरू मिस्त्रीच्या गॅरेजात त्यांनी शेवटची खात्री करून घेतली. केरू चिडलेलाच होता. ती जीप रेडीजने त्याला कबूल केली होती, पैसे जमले की रोख मोजून घ्यायची होती. महिपतने मध्येच येऊन ती उचलली. पोलीस आपल्याकडे संशयाने येणार हे तो धरून चालला होता, म्हणून आधीच सांगू लागला की आग लागली त्या दुपारी तो पालीच्या लग्नात वाजंत्र्यांना आणायला-सोडायला होता, साऱ्या मांडवाने पाहिलं आहे.

फौजदारांनी त्याला त्या दुपारबद्दल विचारलंच नाही. महिपतने जीप पहिल्यांदा पाहिली ती वेळ सांग, म्हणाले.

केरूने सांगितलं. महिपतच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, तो बसवून घ्यायला तो आला होता. केरू जीपचा वरचा रंग खरवडत होता. खालून मिलिटरीचा हिरवा रंग निघाला, आणि डाव्या मडगार्डाच्या कोपऱ्यावर रिबिटं मारून बसवलेलं ठिगळ उघडं पडलं.

"हातातला चाय तसाच ठेवलान आनि बगत राह्यला. मंग काय न बोलता वखारीकडं गेलान."

"ते ठिगळ तू लावलं होतंस?"

केरू हसला. असलं काम गॅरेजचं नव्हे, म्हणाला. रिबिटं वाकडी, पत्रा घाईत कापलेला. घरी बसून कोणीतरी केलेलं काम. आतल्या बाजूला डांबर फासलं होतं, त्यावर चिखलाचे थर. आत काय आहे ते कोणी पाहिलंच नसणार.

५

दुपार टळल्यावर फौजदार पुन्हा कोंडवाडीत आले. शिपायाला त्यांनी रस्त्यावरच थांबवलं. महिपत ओट्यावर कालच्याच जागी होता. त्याने आतून घोंगडं आणून अंथरलं, पाणी दिलं. फौजदार पाणी प्यायले आणि मग सावकाश बोलू लागले.

"महिपत, ही गाडी तू जाळलीस. वैऱ्यानं जाळली असती तर त्यानं आधी तुझी उडवी हलवली नसती, कलमाला ओली गोणपाटं बांधली नसती. वाडी लग्नाला जाणार हे तुला माहीत होतं, दुसऱ्या कोणाच्या घराला धग लागू नये म्हणून तू तो दिवस निवडलास. आपली गाडी आपण जाळणं हा काही गुन्हा नाही. पण तू ट्रक देऊन जीप का घेतलीस, हे आधी मला कळत नव्हतं. आता कळलं."

महिपत घोंगड्याची दशी ओढत राहिला.

"तुला जीप नको होती, तो कोपरा हवा होता. तुझ्या जवळचा तुकडा त्यात बसतो का, हे ठिगळ काढल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि दुसऱ्याच्या गाडीचं ठिगळ तू काढणार कसं? बोलला असतास तर ज्याची चूक त्यानं गाडी भंगारात घातली असती. म्हणून तोंड मिटून ट्रक देऊन टाकलास. रेडीज गुन्हेगार नाही. तो असता तर ही गाडी त्यानं कधीच विकली नसती, आणि तुला तर नक्कीच नाही. तुकडा बसला. काशीला मारणारी गाडी तुझ्या खळ्यात आली. आता पुढं तू काय करायला हवं होतंस?"

फौजदारांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. घराच्या मागे कोंबडी कलकलत होती.

"तू रेडीजला विचारायला हवं होतंस, त्या दिवशी गाडीवर कोण होतं? तीन वर्षं ज्याला शोधलंस त्याचं नाव विचारायला तू गेला नाहीस. म्हणजे तुला नाव आधीच कळलं होतं. गाडीवर दोघंच बसू शकत होते, विठू आणि मुकादम. विठू असता तर तू धावत माझ्याकडं आला असतास. तू काडी लावलीस. बायकोला मारणाऱ्याचा पुरावा माणूस कोणासाठी जाळतो?"

महिपत उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी होतं. त्याने ते फौजदारांसमोर सोडलं. एक हिरवा फाटका तुकडा, आणि एक मोठा, डांबर खरवडून घासलेला पत्रा. निळ्या रंगावर पांढऱ्या कमळाच्या दोन पाकळ्या.

"ह्यां माज्या हातचं कमळ," तो म्हणाला. "मी आधी ज्या गाडीवर व्हतो, तिच्या टपावर पाटी लावलेली. मालकानं गाडी इकलान, तवा पाटी मी घरी आनली. पडवीत टाकलेली. माज्या पडवीत कोन शिरनार, सायब? लवूच."

मग तो बोलत राहिला, आणि फौजदारांनी त्याला अडवलं नाही. ठिगळाचा पत्रा त्याने विहिरीवर घासला, कमळ वर आलं, आणि तो रिकामी कळशी तिथेच टाकून घरी आला. लवूने माणूस मारला हे लवूला तेव्हा ठाऊक नसणार, असंच तो स्वतःला सांगत राहिला. अंधार, पाऊस, वासरू आडवं आलं असं वाटलं असेल. मालक नाही तोवर गाडी नीट करावी म्हणून घरी येऊन पाटी कापली असेल. आणि रात्री वहिनीला झोळीतून दारात आणलं असेल. तेव्हा लवू याच ओट्यावर असणार, आणि वासरू नव्हतं हे त्याला कळलं असणार.

"जीप जाळून काय मिळवलंस?"

"तो यील, वाटलां. ती गाडी हितं दारात उबी ऱ्हायली तर तो कसा यील? मना आता दुसरं कोन हाय, सायब?"

फौजदारांच्या घरीही वाट बघणारं कोणी नव्हतं. ते म्हणाले, "तीन वर्षं गाडी रेडीजच्या वखारीत होती. तुझ्या दारात नव्हती. तरी तो आला नाही. तो गाडीला भीत नाही, महिपत. तुझ्या तोंडाकडं बघायला भितो. तुला कळलंय हे त्याला कळल्याशिवाय तो यायचा नाही."

आणि त्यांनी हेही सांगितलं की पत्रा पाहिल्यानंतर गप्प बसणं आता त्यांना जमणार नाही. काशी रस्त्यावर मेली, तिच्या नावाचं प्रकरण बंद पडलं, ते उघडावं लागेल. पण आपणहून आलेला माणूस आणि धरून आणलेला माणूस यांत फरक असतो. तो फरक पडायला ते थोडे दिवस थांबतील.

६

महिपत एसटीने मुंबईला गेला. लवू लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर राहत होता, पाळीपाळीने झोपणाऱ्या पंधरा-वीस जणांत. महिपत दारात उभा राहिला तेव्हा तो रात्रपाळी करून आला होता, भिंतीकडे तोंड करून निजला होता. पुढचं महिपतनेच नंतर फौजदारांना सांगितलं. मोठ्या भावाला बघून लवू उठून बसला आणि काही विचारायच्या आत रडू लागला. खोलीतल्या माणसांना वाटलं, गावाला कोणी वारलं.

महिपत काय बोलायचं ते ठरवून गेला होता. वाटभर त्याने ते घोकलं होतं. पण त्याला आठवलं ते एवढंच.

"जेवलास काय?"

चार दिवसांनी दोघे रत्नागिरीच्या स्टँडवर उतरले. घरी न जाता सरळ चौकीवर आले. लवू सत्तावीस वर्षांचा, पण गालफडं बसलेली, केस विरळ झालेले. त्याने जबाब उभ्यानेच दिला. विठू तापाने पडला होता, म्हणून निवळीला लाकडं पोचवायला त्याने जीप स्वतः काढली. गाडी चालवायला दादानेच शिकवलं होतं. काचेवर पाणी, काही दिसत नव्हतं. धक्का बसला. वासरू असेल, असं तो स्वतःला म्हणाला आणि थांबला नाही.

"थांबलो असतो तर आये वाचली असती काय, सायब?" त्याने विचारलं.

फौजदारांना तीन वर्षांपूर्वी डॉक्टरने काय म्हटलं होतं ते माहीत होतं. ती जागीच गेली होती. त्यांनी ते सांगितलं. लवूला त्याने बरं वाटलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग दोघा भावांना खोलीत बसवून फौजदार बाहेर व्हरांड्यात आले आणि दार ओढून घेतलं.

लवूला शिक्षा झाली, फार मोठी नाही. आपणहून आल्याचं न्यायाधीशांनी लक्षात घेतलं. महिपत रेडीजकडे पगारावर गाडी हाकू लागला आणि दर गुरुवारी रत्नागिरीच्या तुरुंगात भाकरी-कालवण घेऊन जाऊ लागला. पहिले काही गुरुवार तो डबा देऊन नुसता बसायचा. तुळसाने त्याला विचारलं, पोराला माफ केलंस ना रे? तो म्हणाला, ते अजून होत नाही. भाकरी मात्र न्यावीशी वाटते.

फौजदार त्या सुमारास निवृत्त होऊन लोट्याला मुलाकडे गेले. पुढचं त्यांना पोलीस पाटलाच्या तोंडून कळलं. लवू सुटून आला त्या दिवशी महिपत त्याला आणायला गेला. दोघे वाडीत शिरले तेव्हा लोकांनी दारं अर्धी लावून घेतली होती, कोणी पुढे झालं नाही. दिवसभर त्या घरात काही हालचाल दिसली नाही. तुळसाला धास्ती वाटू लागली, तिने दोनदा ओटीवर येऊन पाहिलं.

दिवेलागणीला तिला आवाज आला. दादा कालवणात मीठ घालायला विसरला होता आणि लवू ते बोलून दाखवत होता. महिपत म्हणत होता, जमत नसेल तर उद्यापासून चूल तू सांभाळ. लवू म्हणाला, सांभाळीन. मग महिपतने आणखी काहीतरी सुनावलं, लवूने उलट उत्तर दिलं, आणि कितीतरी वेळ दोघे भांडत राहिले.

तुळसाने आपलं दार उघडं टाकलं आणि ऐकत बसली.